नदी चाखणारे व्यासराजराव

व्यासराजरावांकडे माझे पहिल्यांदा लक्ष गेले ते २००२ च्या मे महिन्यात, आमच्या अयनावरमच्या गल्लीत, पाण्याच्या लॉरीपाशी. त्या उन्हाळ्यात नळांना पाणी नव्हते. एक दिवसाआड लॉरी येई आणि आम्ही प्लास्टिकचे रंगीत कुडम, म्हणजे तिकडच्या घागरी, घेऊन रांगेत उभ्या राहत असू. माझ्यापुढे एक उंच, किडकिडीत गृहस्थ होते. कपाळावर काळी उभी रेघ, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात दोन कुडम. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी ओंजळीत घोटभर पाणी घेतले, तोंडात फिरवले, गटाराशी जाऊन अदबीने टाकले आणि परत येऊन लॉरीवाल्याला तमिळमध्ये म्हणाले, "आठशे पन्नास."

लॉरीवाला म्हणाला, पाणी सरकारी आहे, फुकट आहे, भाव करायचा नाही. तेव्हा त्यांनी शांतपणे समजावले की हा भाव नाही, हे मीठ आहे. लिटरमागे इतके मिलिग्रॅम. मागच्या खेपेला सातशे होते, तेव्हा विहीर बदलली असणार. लॉरीवाल्याने विहीर बदलल्याचे कबूल केले. मग यांनी आपले दोन कुडम भरून घेतले. मागच्या शेजारणीशी मी मराठीत काही बोलले ते ऐकून ते वळले आणि म्हणाले, "तुम्ही आमच्यातले काय?"

मी म्हटले, आम्ही सातारचे. ते तंजावरचे होते. त्यांची मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत आली होती आणि तेव्हापासून परत गेली नव्हती. ते 'करितो' म्हणत, 'अवघे' म्हणत, आणि वाक्याचा हेल तमिळ असे. त्यांची मुलगी हरिप्रिया तेव्हा इंजिनियरिंगला होती. ती वडिलांशी तमिळमध्ये, आईशी दोन्हींत आणि माझ्याशी इंग्रजीत बोले. पत्नी वसंता घरात जितके बोलत, तितके बाहेर बोलत नसत.

व्यासराजराव पाणीखात्यात लस्कर होते. बंधाऱ्याची दारे उघडणाऱ्या-मिटणाऱ्या माणसाला तिथल्या सरकारी भाषेत लस्कर म्हणतात. त्यांचा बंधारा शहराच्या उत्तरेला, गुम्मिडिपूंडीच्या अलीकडे, नदी समुद्राला मिळते तिथून चार मैल आत होता. त्याला सात लोखंडी दारे होती. पाच मिटत. बंधाऱ्याशेजारी लस्करासाठी क्वार्टर होते. ते एका वादळात पडले होते, पण कागदोपत्री उभे होते, त्यामुळे दुसरे बांधता येत नव्हते. म्हणून हे रोज पहाटेच्या गाडीने जात, स्टेशनवर ठेवलेली सायकल घेत आणि मुळ्ळिकुप्पम नावाच्या गावाजवळ कामावर रुजू होत.

दुष्काळात नदीला वरून पाणी येत नाही. मग समुद्र खालून येतो. भरतीला चढतो, ओहोटीला उतरतो, पण मीठ मागे ठेवतो. अमावास्या-पौर्णिमेला जास्त चढतो. बंधाऱ्याचे काम असे की समुद्र खाली थांबावा आणि वरच्या डोहातले गोडे पाणी, ज्यावर आजूबाजूच्या विहिरी जगतात, गोडे राहावे. न मिटणाऱ्या दोन दारांत व्यासराजराव वाळूची पोती, चिकणमाती आणि पेंढा कोंबत. डोहाच्या काठाने मैलाचे तीन दगड होते. दर आठवड्याला प्रत्येक दगडापाशी पाण्यातले मीठ किती हे त्यांना नोंदवावे लागे.

मीठ मोजायचे यंत्र विभागात एकच होते आणि ते दुरुस्तीला गेले होते. तक्त्यातला रकाना मात्र कुठेही गेला नव्हता. म्हणून ते चाखून आकडा लिहीत.

त्या वर्षीच्या श्रावणात ते आमच्याकडे आले. मी शाळेत रसायन शिकवत असे हे त्यांना कळले होते. ते म्हणाले की अठ्ठावीस वर्षे पाणी चाखितो, जास्त की कमी ते नीट सांगतो, पण आकडा अंदाजाने लिहितो, आणि त्याने मन खाते. तर जिभेला माप लावून देता येईल का. मला हा प्रश्न फार आवडला. निवृत्त झाल्यापासून मला कोणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. मी चार बाटल्या घेतल्या, उकळून गाळलेले पाणी घेतले, मीठ तराजूवर तोलले आणि लिटरला पाचशे, हजार, पंधराशे, दोन हजार अशी पाणी तयार करून दिली. चिठ्ठ्या बाटल्यांच्या बुडाला लावल्या. पंधरा दिवस ते रोज संध्याकाळी येऊन चाखत. आमचे हे, कृष्णकांत, बाटल्यांचा क्रम बदलत आणि बाटल्या एकमेकींत मिसळून मधले आकडेही तयार करत. पंधराव्या दिवशी व्यासराजरावांची चूक पन्नासच्या आत आली. रेल्वेच्या कारखान्यात इतकी वर्षे काढलेल्या कृष्णकांतांनी सांगितले की त्यांच्याकडचे कितीतरी गेज याहून वाईट होते.

त्या दिवशी मी चकल्या केल्या होत्या. त्यांच्यापुढे ताटली केली तर त्यांनी हात जोडले.

"मीठ आता नाही, टीचरबाई. कार्तिक होऊन मग."

आषाढातल्या एकादशीपासून कार्तिकातल्या एकादशीपर्यंत ते अळणी जेवत. त्यांचे वडील जेवत, आजोबा जेवत. चातुर्मासात माध्व घरांतून भाजी, दही, दूध, डाळ एकेक महिना वर्ज्य असते. यांच्या घराण्यात त्यावर मीठही होते. मी चकल्या परत डब्यात ठेवल्या आणि केळे दिले. पस्तीस वर्षे मी मुलांना शिकवले की प्रयोगाआधी उपकरण कोणत्या स्थितीत आहे ते वहीत लिहा. ते मी स्वतः लिहिले नाही.

पुढचे वर्ष कोरडे गेले. त्याच्या पुढचेही. व्यासराजरावांच्या वहीत मात्र नदीची तब्येत २००२ च्या हिवाळ्यात चांगली होती. आठशे, आठशे पन्नास, कधी नऊशे. कार्यालय निश्चिंत होते. फक्त सरोजा कुरकुर करत असे. सरोजाची बंधाऱ्याजवळ चहाची टपरी होती आणि टपरीमागे अर्धा एकर मोगरा. दोन्हींना पाणी एकाच विहिरीचे, आणि विहीर डोहापासून वीस पावलांवर. ती म्हणे, चहात दूध फाटते आहे, पाणी बिघडले. व्यासराजराव डोह चाखत, विहीर चाखत आणि तिला सांगत की पाणी ठीक आहे, दूधवाला बदल. तिने दोन दूधवाले बदलले. तिसऱ्याच्या दुधाचेही तेच झाले तेव्हा ती म्हणाली की लस्करसारांच्या जिभेपेक्षा माझे पातेले बरे. ते व्यासराजरावांनी मला हसत सांगितले होते. मीही हसले होते.

२००३ च्या जुलैत आकडे एकदम चढले. तेराशे, मग सोळाशे. कार्यालयात धावपळ झाली. तिथे गुरुमूर्ती नावाचे तरुण इंजिनियर नव्याने आले होते, कामसू आणि नम्र. त्यांनी तातडीची मंजुरी काढली आणि बंधाऱ्याखाली दोन फर्लांगांवर वाळूच्या पोत्यांचा आणि मातीचा आडवा बांध घालून घेतला. सप्टेंबरअखेर तो पुरा झाला. ऑक्टोबरभर आकडा हलला नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो नऊशेवर आला. वरचे साहेब पाहायला आले. बांधावर फोटो निघाला. त्यात व्यासराजराव डाव्या कडेला अर्धे आहेत.

आणि मग हुकूम निघाला. पाणी आता गोडे आहे, शहर तहानलेले आहे, तेव्हा पोंगल झाल्यावर त्या डोहातून रोज वीस लॉऱ्या भराव्यात.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात व्यासराजराव वही घेऊन माझ्याकडे आले. गुरुमूर्तींना वर पाठवायला आलेख हवा होता, बांधाआधी आणि बांधानंतर. मी आलेखाचा कागद काढला, दीड वर्षाच्या तारखा खाली मांडल्या आणि ठिपके देत गेले. ठिपके जोडल्यावर पाहिले तर नदी हळूहळू कुठे चढत उतरत नव्हती. ती पायरी चढत होती आणि पायरी उतरत होती. ४ नोव्हेंबरला सोळाशे, ११ नोव्हेंबरला नऊशे. मातीचा बांध एका आठवड्यात इतके करत नाही. त्याहून वाईट म्हणजे तशीच एक पायरी आदल्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर होती. तेव्हा बांध नव्हताच.

मी कृष्णकांतांना कॅलेंडर आणायला सांगितले. त्यांनी चालू वर्षाचे आणले, मग जुनी दोन शोधून आणली. आम्ही दोघांनी एकादश्या पाहिल्या आणि आलेखातल्या पायऱ्यांशी जुळवल्या.

मी व्यासराजरावांना विचारले की कार्तिकातल्या द्वादशीला पारणे कशाने केले. त्यांनी आठवून सांगितले: सांबार, लिंबाचे लोणचे, अप्पळ, म्हणजे पापड. लोणचे तीनदा घेतले. वसंता रागावली.

जुन्या बाटल्या माळ्यावर होत्या. पाणी नवे करून मी त्या पुढे ठेवल्या. पहिली त्यांनी चाखली आणि आठशे म्हणाले. बूड पाहिले, पंधराशे. दुसरी पाचशे म्हणाले, ती हजारची होती. ते स्वयंपाकघरात जाऊन चूळ भरून आले आणि पुन्हा सगळ्या चाखल्या. आकडे तेच आले. चातुर्मासात लावलेले माप चातुर्मासातच बरोबर होते. एरवीचे आठ महिने त्यांची जीभ मीठ खाऊन असे आणि नदीचे मीठ तिला निम्मे वाटे. डोह दीड वर्ष सोळाशेच्या आसपासच होता. बांधाने तो आणखी बिघडू दिला नसेल, पण सुधारला मुळीच नव्हता. त्यातून रोज वीस लॉऱ्या उपसल्या तर डोहाची पातळी उतरणार, आणि जमिनीखालून समुद्र मोगऱ्यापर्यंत येणार. मग सरोजाची विहीर, आणि गावातल्या आणखी चाळीस, पुन्हा गोड्या व्हायच्या नाहीत. हे मी सांगायची गरज नव्हती. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होते.

त्यांनी चारही बाटल्यांची बुचे लावली.

"सरोजाचे दूध चांगले होते," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गुरुमूर्तींकडे गेलो. चूक निम्मी माझी होती, म्हणून मी बरोबर गेले. व्यासराजरावांनी तमिळमध्ये पहिल्यापासून सगळे सांगितले. बाटल्या, एकादशी, लोणच्याच्या तीन फोडीही. गुरुमूर्तींनी मध्ये एकदाही तोडले नाही. शेवटी त्यांनी विचारले, "म्हणजे नदीचं मीठ कमी झालं नाही, तुमच्या ताटातलं वाढलं?"

"होय सार."

"हे मी वर काय म्हणून लिहू?"

"लिहू नका सार. उपसा तेवढा थांबवा."

लिहिल्याशिवाय थांबवता येत नाही, असे गुरुमूर्ती म्हणाले, आणि ते खरेच होते. त्यात आणखी एक गुंता निघाला. तक्त्यात 'उपकरण' असा रकाना असे. तो रिकामा ठेवला तर तक्ता परत येई. म्हणून कारकून दर आठवड्याला दुरुस्तीला गेलेल्या यंत्राचा नंबर लिहीत असे आणि गुरुमूर्तींची खाली सही असे. व्यासराजरावांची चूक वर कळवली की ही सहीही वर जाणार होती. गुरुमूर्तींनी तक्त्यांची फाइल पुढे ओढून आपल्या सह्या पाहिल्या. त्यांचे लग्न ठरले होते, हे मला नंतर कळले. मग त्यांनी एवढेच सांगितले की जिभेच्या विरुद्ध जीभ चालणार नाही, दुसरा पुरावा आणा, मी सही करतो.

पुरावा शाळेत होता. माझ्या जागी आलेले प्राणेश आमच्या जुन्या प्रयोगशाळेत रसायन शिकवत. व्यासराजरावांनी तिन्ही दगडांपाशी आणि सरोजाच्या विहिरीत बाटल्या भरल्या आणि मांडीवर घेऊन गाडीने आणल्या. प्राणेशांनी त्यात पिवळे क्रोमेट घालून थेंब थेंब सिल्व्हर नायट्रेट सोडले. पाणी विटकरी होईपर्यंत किती थेंब लागतात त्यावरून मीठ कळते. व्यासराजराव शेजारी उभे राहून ओठ हलवत मोजत होते. विटकरी रंग येईना. प्राणेशांना ब्युरेटची नळी दुसऱ्यांदा भरावी लागली. डोह सोळाशे पन्नास आला. विहीर अकराशे.

"विहीर अजून आहे," व्यासराजराव म्हणाले.

गुरुमूर्तींनी सही केली. उपसा रद्द झाल्याचे पत्र पोंगलच्या आदल्या दिवशी निघाले. ते कार्यालयाला पोचले, लॉऱ्यांना पोचले नाही. पोंगलनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी सकाळी सात वाजता चार लॉऱ्या बंधाऱ्यावर हजर झाल्या. व्यासराजरावांकडे पत्राची प्रत होती, पण ती इंग्रजीत होती, आणि ड्रायव्हर म्हणाले की आम्हाला पाणी भरायला सांगितले आहे, वाचायला नाही. व्यासराजराव काठाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या साखळीला कुलूप लावून तिच्यापुढे बसले. पंपाचे पाइप उतरवले जाऊ लागले. तेव्हा सरोजाने चौघांना चहाला बोलावले. डोहाचे पाणी उकळले, पूड घातली, सगळ्यांदेखत चांगले म्हशीचे दूध ओतले आणि चार ग्लास पुढे ठेवले. चारही ग्लासांत चोथा वेगळा आणि पाणी वेगळे.

"हे न्या तुमच्या शहराला," ती म्हणाली. "साखर तिकडे घाला."

ड्रायव्हरांनी ग्लासांकडे पाहिले, आपसात बोलले आणि लॉऱ्या वळवल्या. व्यासराजराव दुपारपर्यंत साखळीपाशीच बसून होते. सरोजाने त्यांना नारळपाणी आणून दिले आणि सांगितले की दोन दूधवाल्यांची माफी तिने आधीच मागून टाकली आहे, त्यांनी आता तिची मागावी. त्यांनी उठून, हात जोडून मागितली. तिला ते अपेक्षित नव्हते. ती आत जाऊन भांडी घासू लागली.

फेब्रुवारीत त्यांना मेमो मिळाला. त्यात विचारले होते की कामाच्या काळात आहारात बदल करण्यापूर्वी वरिष्ठांना का कळवले नाही. खुलासा लिहायला ते माझ्याकडे आले. मी एक पान मसुदा केला. त्यांनी तो वाचला, चांगला आहे म्हणून सांगितले आणि त्यातले शेवटचे वाक्य तेवढे ठेवले: दोन्ही एकादश्या खात्याने दिलेल्या कॅलेंडरात छापलेल्या आहेत. खुलासा समाधानकारक वाटला नाही. त्यांची एक वेतनवाढ रोखली गेली. गुरुमूर्तींची बदली झाली. तिकडे धरण मोठे होते, त्यामुळे ती शिक्षा की बढती हे कोणालाच सांगता आले नाही. लग्नाला त्यांनी आम्हा सर्वांना बोलावले. यंत्र मार्चमध्ये दुरुस्त होऊन आले. बॅटरी नव्हती.

पण बिघाड एकदा कागदावर आल्यामुळे दारांची दुरुस्ती मंजूर झाली. त्या उन्हाळ्यात न मिटणाऱ्या दोन दारांना नव्या पट्ट्या बसल्या. व्यासराजराव आठ दिवस तिथेच राहिले आणि प्रत्येक दार स्वतः फिरवून पाहिले. नोकरीतल्या शेवटच्या चातुर्मासात त्यांनी वहीत एक जास्तीचा रकाना आखला, 'आज मीठ खाल्ले काय', आणि रोज तिथे 'नाही' लिहिले. दसऱ्याला वसंतांनी मला वही दाखवली. त्या म्हणाल्या, "यांस सांगा, बारा महिने अळणी जेवायचे म्हणितात. मी करितें, पण मी जेवायची नाही." मी सांगितले. त्यांनी ऐकले नाही. निवृत्तीपर्यंत, म्हणजे आणखी पाच महिने, ते अळणीच जेवले, कारण वही त्यांच्या नावावर होती.

२००५ च्या मार्चमध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी पाऊस इतका झाला की नदी सातही दारांतून वाहिली आणि डोह धुऊन निघाला. पुढे हरिप्रियाला शहराच्या पार दक्षिणेला, सिरुसेरीला नोकरी लागली. तिने जवळच फ्लॅट घेतला, आईवडिलांसाठी खोली ठेवली, वडिलांना खिडकीतून तलाव दिसेल असेही पाहिले. ते दोघे तिथे महिनाभर राहून आले.

आता व्यासराजराव आणि वसंता मुळ्ळिकुप्पमला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात आणि पिण्याचे पाणी सरोजाच्या विहिरीवरून आणतात.